कोलेस्टेरॉल नॉर्मल, म्हणून एखादी सिगारेट चालते?

‘कोलेस्टेरॉल नॉर्मल असेल तर दिवसाला एखाद्या सिगारेटने हृदयाला काही होत नाही,’ असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो. कमी ओढली की धोकाही त्याच प्रमाणात कमी, हा हिशेब कुणालाही पटेल. पण थोड्या धुरानेही रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते, प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) चिकट होतात. म्हणूनच रोज 1 सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका 20 ओढणाऱ्याच्या विसाव्या हिश्श्याइतका नसतो. जवळजवळ निम्मा असतो!

कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टात शरीरातला दाह, म्हणजे हृदयाचा धोका वाढवणारी आतली सूज, दिसत नाही. त्यासाठी रक्तातलं एचएस-सीआरपी (दाह असला की वाढणारं प्रथिन) तपासतात: लिटरमागे 1 मिलिग्रॅमपेक्षा कमी म्हणजे कमी धोका, 3 च्या वर जास्त. साध्या सर्दीनेही हा आकडा चढतो, म्हणून 10 च्या वर आल्यास बरं वाटल्यावर पुन्हा तपासावा. आकडा कमी आला, तरी सिगारेटचा धोका उरतोच.