रेडी रेकनर आणि बाजारभाव: मंदीत फ्लॅट विकताना होणारा दहा टक्क्यांचा घोळ

बाजार थंड असताना फ्लॅट विकायला काढलेल्या माणसाकडून दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "आमच्या एरियाचा रेडी रेकनरच एवढा आहे, म्हणजे भाव तेवढा आहेच की." दुसरं, "रेडी रेकनरच्या खाली विकताच येत नाही, रजिस्ट्रार दस्त घेत नाही." रेडी रेकनर म्हणजे मुद्रांक शुल्क मोजण्यासाठी महाराष्ट्र सरकारने काढलेले जागांचे दर. दोन्ही वाक्यं चूक आहेत. तेजीत ही चूक खपून जाते, कारण सौदा रेडी रेकनरच्या बराच वर होतो आणि खालच्या आकड्याशी कुणाला कर्तव्य नसतं. गिऱ्हाईक आटलं, महिनोन्‌महिने कुणी फ्लॅट बघायला येईना, की दोन्ही आकडे जवळ येतात. जुन्या इमारतींत तर बाजारभाव रेडी रेकनरच्या खालीही जातो. तिथे हा गोंधळ लाखांत पडतो, आणि विकणाऱ्याबरोबर घेणाऱ्यालाही पडतो.

बाजारभाव म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. आज, आहे त्या अवस्थेत, हा फ्लॅट घ्यायला तयार असलेला माणूस बँकेतून कर्ज काढून जेवढे देईल तेवढा बाजारभाव. एवढंच लक्षात ठेवा की वेबसाइटवर शेजाऱ्याने टाकलेला आकडा ही त्याची अपेक्षा असते. समोरच्या नव्या स्कीमचा दरही तुमच्या कामाचा नाही. मंदीत बिल्डर दर उतरवत नाही. स्टॅम्प ड्युटी आमच्याकडून, पार्किंग फ्री, किचन करून देतो, असं सांगत तोच दर धरून ठेवतो. तो दर तुमच्या वीस वर्षं जुन्या फ्लॅटला लावून बसलात तर बसूनच राहाल.

रेडी रेकनरचं सरकारी नाव "वार्षिक मूल्यदर तक्ता". नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक यांचं कार्यालय तो काढतं, १९९५ च्या नियमांखाली, आणि त्याचा हेतू एकच: मुद्रांक शुल्क बुडू नये. गावाचे, शहराचे विभाग पाडलेले असतात आणि एका विभागातल्या सगळ्या निवासी इमारतींना मूळ दर एकच. बागेसमोरची इमारत आणि नाल्यावरची इमारत एकाच विभागात आली तर तक्त्याच्या दृष्टीने दोघी सारख्या. वय, मजला, लिफ्ट यांचा हिशोब तक्ता करतो. पण घसारा, म्हणजे वयामुळे धरलेली घट, फक्त बांधकामाच्या भागाला मिळतो, जमिनीच्या दराला नाही. त्यामुळे जिथे जमीन महाग तिथे चाळीस वर्षांच्या इमारतीचं मूल्यही कागदावर फारसं उतरत नाही. सोसायटीचं कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालेलं नाही, पुनर्विकासावरून दोन गट पडलेत, बाथरूमचं पाणी खालच्या घरात उतरतं, यातलं काहीच तक्त्याला दिसत नाही. गिऱ्हाइकाला मात्र हेच आधी दिसतं.

शिवाय तक्ता बाजाराच्या पावलावर पाऊल टाकून चालत नाही. २०२३-२४ आणि २०२४-२५ मध्ये दर होते तसेच ठेवले, १ एप्रिल २०२५ पासून वाढवले. कोविडच्या वर्षात, सप्टेंबर २०२० मध्ये, व्यवहार ठप्प असताना राज्याची सरासरी १.७४ टक्क्यांनी वाढली. मुंबईत तेवढी ०.६ टक्क्यांची किरकोळ कपात झाली. त्याच सुमारास सरकारने बाजार हलवायला काय केलं ते बघा: मुद्रांक शुल्कात डिसेंबर २०२० पर्यंत ३ टक्क्यांची आणि नंतर मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांची सूट दिली. दर जवळपास जागेवर ठेवले, शुल्क उतरवलं. म्हणून "यंदा रेडी रेकनर वाढला, आता आपला फ्लॅटही वाढला" हे ऐकलं की मला खरोखर त्रास होतो. वाढला आहे तो घेणाऱ्याचा खर्च.

एजंट मंडळींचं "रेडी रेकनरच्या दीडपट धरायचं" हे सूत्रही असंच निराधार. असा कुठलाही ठरलेला गुणक नाही.

एककांचा फरक किरकोळ आहे. तक्त्यातला दर चौरस मीटरला आणि बिल्टअपवर (भिंती धरून) असतो, आपण बोलतो चौरस फुटात आणि कार्पेटवर (भिंतींच्या आतलं). १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, आणि रेरा कार्पेटचं बिल्टअप करायला १.१ ने गुणायचं. झालं.

खरा भाव शोधायचा असेल तर तुमच्याच इमारतीतल्या किंवा शेजारच्या इमारतीतल्या अलीकडच्या दस्तांची सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, काढा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर ती बघता येते. त्यात रकाना २ आहे "मोबदला" आणि रकाना ३ "बाजारभाव". लोक साहजिकच तिसरा रकाना वाचतात आणि तोच भाव धरतात. पण तिसऱ्या रकान्यात रेडी रेकनरने काढलेलं मूल्य असतं. प्रत्यक्ष ठरलेली रक्कम दुसऱ्या रकान्यात असते. तुम्हाला हवा आहे तो दुसरा. गेल्या सहा-आठ महिन्यांतले असे चार-पाच मोबदले समोर ठेवलेत की कुठल्याही एजंटपेक्षा तुम्हाला तुमच्या फ्लॅटचा भाव जास्त कळेल. दुसरा रकाना तिसऱ्याच्या जवळ आलेला किंवा खाली गेलेला दिसला, तर पुढचं सावकाश वाचा.

रेडी रेकनरच्या खाली विकता येतं का? येतं. कायद्यात बंदी नाही. दुय्यम निबंधक, म्हणजे आपला रजिस्ट्रार, दस्त नोंदवून घेतो. त्याची अट एवढीच, की ठरलेली किंमत आणि रेडी रेकनरचं मूल्य यांत जे जास्त, त्यावर मुद्रांक शुल्क भरा. पुणे महापालिका हद्दीत फ्लॅटचं रेडी रेकनर मूल्य ८० लाख आहे आणि सौदा ७२ लाखांना ठरला, तर ७ टक्क्यांनी ५ लाख ६० हजार भरायचे, ८० वर. घेणारी एकटी स्त्री असेल तर एक टक्का कमी. निबंधकाकडचा विषय इथे संपतो. "रजिस्ट्रार दस्त घेत नाही" हे वाक्य कुठून आलं असेल ते यावरून कळतं: शुल्क ७२ वर भरून कुणीतरी गेला असेल आणि परत पाठवला गेला असेल.

खरी मेख आयकरात आहे. मंदीत माणसं अडकतात ती इथेच.

आयकराच्या नजरेत विकणाऱ्याला प्रत्यक्ष किती मिळाले याला एका मर्यादेपर्यंतच किंमत आहे. सौदा मुद्रांक मूल्याच्या, म्हणजे रेडी रेकनरने येणाऱ्या मूल्याच्या, फार खाली झाला, तर विकणाऱ्याला मुद्रांक मूल्याएवढे पैसे मिळाले असं धरूनच त्याचा भांडवली नफा मोजतात. १९६१ च्या कायद्यात हे कलम ५०सी. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात क्रमांक बदलला, तत्त्व तेच आहे. आणि हे लोकांना माहीतच नसतं, की घेणाऱ्यालाही तोच फरक "इतर उत्पन्न" म्हणून त्याच्या स्लॅबने करपात्र होतो. एकाच फरकावर दोघांना कर, एकाला न मिळालेल्या पैशांवर आणि दुसऱ्याला स्वस्तात मिळालं म्हणून.

यात दहा टक्क्यांची सवलत आहे. आधी ती ५ टक्के होती, २०२० च्या वित्त कायद्याने १० केली. आणि "दहा टक्क्यांपर्यंत चालतं हो" हे वाक्य तेव्हापासून इतकं फिरलंय, की दहा टक्के कशाचे हे कुणी विचारतच नाही.

ते रेडी रेकनरचे नाहीत. सौद्याच्या रकमेचे आहेत. मुद्रांक मूल्य हे सौद्याच्या रकमेच्या ११० टक्क्यांपेक्षा जास्त नसलं पाहिजे, असा नियम आहे. वरचंच उदाहरण घ्या. ८० लाखांतून १० टक्के वजा केले, ७२ आले, बसलं नियमात, असं म्हणून लोक सही करतात. आता नियमाप्रमाणे मोजा. ७२ लाखांचे ११० टक्के म्हणजे ७९ लाख २० हजार. मुद्रांक मूल्य ८० लाख. बाहेर! सौदा ७२ लाख ७५ हजारांना केला असता तर ११० टक्के म्हणजे ८० लाख अडीच हजार झाले असते, आणि प्रश्नच मिटला असता. म्हणजे रेडी रेकनरपासून खाली मोजायचं तर सुरक्षित सूट १० नाही, ९.०९ टक्के. साधा उपाय: मुद्रांक मूल्याला १.१ ने भागा. जो आकडा येतो त्याच्या खाली जायचं नाही.

मर्यादेच्या बाहेर गेलात की फक्त वरचा भाग मोजतात असंही नाही. पूर्ण फरक मोजतात. ७२ लाखांच्या सौद्यात मर्यादा ओलांडली ८० हजारांनी, पण विकणाऱ्याचा नफा वाढतो ८ लाखांनी. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के धरले तर १ लाख आणि सेस (करावरचा उपकर) धरून १ लाख ४ हजार. घेणारा ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असेल तर त्याच्या उत्पन्नात ८ लाख मिळवले जातात, सेससकट २ लाख ४९ हजार ६०० रुपये. दोघांचे मिळून साडेतीन लाखांवर गेले. आणि ही घासाघीस कशावरून? ७५ हजारांवरून. विकणाऱ्याने ते सोडले, घेणाऱ्याने जिंकले, आणि पुढच्या वर्षी दोघांनाही नोटीस.

मी घेणाऱ्याला हे कागदावर मांडून दाखवायला सांगतो. त्याला आधी वाटतं की विकणारा आपला भाव चढवायला बघतोय. दोन ओळींचं गणित पाहिलं की तो स्वतःच ७२.७५ म्हणतो. मंदीत घासाघीस करायला हरकत नाही, पण शेवटचा आकडा ठरण्याआधी मूल्यांकन पत्रक, म्हणजे फ्लॅटचं मुद्रांक मूल्य मांडलेला कागद, हातात पाहिजे. टोकन घेऊन, तोंडी शब्द देऊन, मग वकिलाकडे जाऊन "आता मूल्य किती येतं बघा" हा उलटा क्रम आहे, आणि नव्वद टक्के घरगुती सौदे मी याच क्रमाने होताना बघतो.

दहाऐवजी वीस टक्के चालतात असंही कुणीतरी सांगतं. ते वीस टक्के १२ नोव्हेंबर २०२० ते ३० जून २०२१ या काळातल्या, बिल्डरने पहिल्यांदा विकलेल्या, २ कोटींपर्यंतच्या घरांपुरते होते. रीसेलला ते तेव्हाही नव्हते.

फ्लॅट खरोखरच ६८ लाखांचाच असेल तर? इमारत खचलेली, तळमजला, पावसाळ्यात पाणी आत, ७२.७५ कुणी देणारच नाही. अशा वेळी रडत बसायचं कारण नाही, कायद्यातच वाट आहे. मुद्रांक मूल्य हे रास्त बाजारमूल्यापेक्षा जास्त आहे, असं विकणारा करनिर्धारण अधिकाऱ्यापुढे मांडू शकतो आणि प्रकरण विभागाच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवण्याची मागणी करू शकतो. घेणाऱ्यालाही ही सोय आहे. मूल्यांकन अधिकाऱ्याचा आकडा कमी आला तर तो धरतात. मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त आला तर मुद्रांक मूल्यच धरतात, त्यामुळे मागणी करून नुकसान होत नाही. पण नोटीस येईपर्यंत फ्लॅट दुसऱ्याचा झालेला असतो, त्याने भिंती फोडून टाइल्सही बदललेल्या असतात. म्हणून नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल विक्रीच्या वेळीच करून घ्या. ओल, तडे, गंजलेल्या सळ्या यांचे तारखेसकट फोटो, स्ट्रक्चरल ऑडिट झालं असेल तर त्याची प्रत, सोसायटीच्या सभेत पुनर्विकास अडल्याची नोंद असेल तर तिची नक्कल, सगळं एका फाइलमध्ये. अहवालाची फी वाचवू नका.

आणखी दोन गोष्टी पटकन. ५० लाख किंवा त्यावरच्या सौद्यात घेणारा १ टक्का टीडीएस कापतो, तो एप्रिल २०२२ पासून सौद्याची रक्कम आणि मुद्रांक मूल्य यांत जे जास्त त्यावर. वरच्या उदाहरणात ८० हजार, ७२ नाही. आणि "फरक मिटवायला दस्तात ८० लिहू, देऊ ७२" हा सल्ला कुणी दिला तर उठून या. दस्तात ८० लिहिले की तुम्ही ८० घेतल्याची कबुली दिलीत, कर ८० वर लागणारच, आणि घेणाऱ्याला न दिलेले ८ लाख दिल्याचा पुरावा उभा करावा लागणार. उलट बाजूने, रेडी रेकनरएवढे कागदावर आणि वरचे रोखीने, हेही नको. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतलेल्या रकमेएवढाच दंड आहे.

मंदीतले सौदे लांबतात, घेणाऱ्याचं कर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो, मध्येच ३१ मार्च येतो आणि १ एप्रिलला नवा तक्ता लागतो. करारात किंमत आधीच ठरलेली असेल आणि कराराच्या दिवशी किंवा त्याआधी काही रक्कम अकाउंट पेयी चेकने किंवा ऑनलाइन बँकेत जमा झाली असेल, तर आयकरासाठी कराराच्या तारखेचं मुद्रांक मूल्य धरता येतं. टोकन रोख घेतलं असेल तर येत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोलणी चालू असतील तर मोबदल्याचा आकडा, तारीख आणि चेकचा नंबर असलेला करार ३१ मार्चच्या आत करून घ्या, भले टोकन एक लाखाचं असो.