रिंगची जोडी आणि हेक्टची जोडी: डायमर दिसला म्हणजे ई३ चालू आहे का?

युबिक्विटिन हे छोटे प्रथिन पेशी इतर प्रथिनांवर खूण म्हणून चिकटवते. ई१ विकर त्याला सक्रिय करते, ई२ ते वाहून नेतो आणि ई३ ते लक्ष्य-प्रथिनावर (सब्स्ट्रेटवर) चढवायला लावते. रिंग आणि हेक्ट हे युबिक्विटिन लायगेजचे, म्हणजे ई३ विकरांचे, दोन मोठे गट. दोन्हींत एकाच प्रथिनाचे दोन रेणू जुळून डायमर होऊ शकतो, आणि जेल फिल्ट्रेशनच्या (रेणू आकारानुसार वेगळे करण्याच्या पद्धतीच्या) आलेखावर दोन्ही डायमर सारखेच दिसतात. परिणाम मात्र अनेकदा उलटा असतो. जोडी जुळताना रेणूंचा कोणता पृष्ठभाग झाकला जातो, यावर सगळे ठरते.

रिंग डोमेन, म्हणजे प्रथिनाचा स्वतंत्र घडीचा भाग, लहान असते. जस्ताचे दोन आयन त्याची घडी टिकवतात आणि त्यात उत्प्रेरक सिस्टीन (गंधकयुक्त अमिनो आम्ल) नसते. युबिक्विटिन ई२वरून थेट सब्स्ट्रेटच्या लायसीनवर (दुसऱ्या एका अमिनो आम्लावर) जाते. ई२च्या सिस्टीनला थायोएस्टर या गंधकाच्या बंधाने जोडलेले युबिक्विटिन एरवी सैल हलत राहते. रिंग त्याला ई२च्या अंगाशी दाबून धरते, तेव्हा लायसीनचा हल्ला सोपा होतो. आरएनएफ४ किंवा एमडीएम२ या रिंग ई३च्या डायमरमध्ये एका रिंगवर ई२ बसतो आणि जोडीदाराची शेपटी (साखळीचे शेवटचे टोक) त्या ई२वरच्या युबिक्विटिनला टेकते. म्हणून एमडीएम२च्या टोकाची मोजकी अमिनो आम्ले काढली तरी काम कोसळते. सीबीएल हे रिंग ई३ मात्र एकटे काम करते. जोडीदाराच्या शेपटीची जागा तिथे त्याच रेणूवरचे फॉस्फोटायरोसीन (फॉस्फेट जोडलेले टायरोसीन) घेते. बीआरसीए१ आणि बीएआरडी१च्या जोडीत ई२ फक्त बीआरसीए१ला बांधला जातो, त्यामुळे ‘दोन रिंग म्हणजे दोन ई२’ हा हिशेबही धरू नये.

हेक्ट डोमेन सुमारे ३५० अमिनो आम्लांचे, दोन खंडांचे. एन-खंडावर ई२ बसतो, सी-खंडात उत्प्रेरक सिस्टीन असते. युबिक्विटिन आधी या सिस्टीनवर येते, मग लायसीनवर जाते. १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई६एपी या हेक्ट ई३च्या स्फटिकरचनेत ई२ आणि ई३ यांच्या सिस्टीनांमध्ये ४१ अँगस्ट्रॉम अंतर होते! ते मिटवण्यासाठी सी-खंड बिजागरीवर वळावाच लागतो. म्हणून एचयूडब्ल्यूई१च्या हेक्ट डायमरमध्ये ही हालचाल अडली की क्रिया मंदावते. एचएसीई१ या दुसऱ्या हेक्टच्या डायमरमध्ये ई२ची जागाच झाकली जाते. इथे जोडी फोडणारे म्युटेशन क्रिया वाढवते, तर आरएनएफ४मध्ये तसलेच म्युटेशन ती घालवते. सगळ्या हेक्टना हा नियम लावू नये. ई६एपीचा ट्रायमर (तीन रेणूंचा संच) कामाला पोषक असल्याचे पुरावे आहेत.

प्रयोगात सर्वाधिक फसवतो तो जीएसटी टॅग, म्हणजे शुद्धीकरणासाठी प्रथिनाला जोडलेले जीएसटी हे दुसरे प्रथिन. तो स्वतःच डायमर करतो, त्यामुळे एकटी रिंगही जोडीत येऊन सक्रिय भासते. टॅग कापून, मगच मोजावे. केवळ स्वयं-युबिक्विटिनेशनवर, म्हणजे ई३ स्वतःवरच युबिक्विटिन चढवते त्या मोजणीवर, विसंबू नये: दोन रेणू जवळ आले की एकाची लायसीन दुसऱ्याच्या हाती लागते आणि सिग्नल वाढतो, उत्प्रेरण सुधारले नसले तरीही. त्याऐवजी ई१, एटीपी आणि मॅग्नेशियम वापरून ई२वर युबिक्विटिन चढवा, एपायरेज विकराने एटीपी संपवा, मग ई३ आणि मुक्त लायसीन घालून ठरावीक वेळांना नमुने काढा. एटीपीचा वापर थांबवायला ईडीटीए हे धातूचे आयन पकडणारे रसायन सोयीचे वाटते, पण जास्त झाल्यास ते रिंगमधील जस्त ओढून घेते आणि निकाल खोटा येतो.

नमुने डीटीटी या क्षपणकारक रसायनाशिवाय जेलवर चालवावेत, कारण डीटीटी थायोएस्टर तोडते. हेक्टवर युबिक्विटिनची पट्टी दिसली आणि डीटीटी घातल्यावर गेली, तर सिस्टीनचा टप्पा सिद्ध होतो. यूबीई२एल३ हा ई२ युबिक्विटिन सिस्टीनला देतो, लायसीनला नाही, म्हणून तो हेक्टसोबत चालतो. रिंगसोबत या ई२ने काहीच दिसले नाही, तर रिंग मेली असे समजू नये. तिला यूबीई२डी गटातला ई२ देऊन पुन्हा तपासावे.