मिग-21च्या नाकातला तो शंकू नेमकं करतो काय?

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 रिटायर झालं. शेवटच्या फॉर्मेशनमधे हवाईदल प्रमुख ए. पी. सिंग स्वतः होते. 1963 मधे हे विमान आपल्याकडे आलं तेही चंदीगडलाच, 28 स्क्वाड्रनमधे. म्हणजे बासष्ट वर्षं एकच डिझाईन (अर्थात आतून खूप बदललेलं) आपल्या हवाईदलात उडत होतं. जगात अकरा हजारांच्या वर बनली, आपल्याकडची सहाशेहून जास्त तर आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या एचएएलमधे बनली. ओझरला आजही लोक 'ओझर मिग' म्हणतात, एसटीत बसून मिगचं तिकीट मागतात.

त्या दिवसापासून मोबाईलवर जे मेसेज फिरले त्यात एक गोष्ट सारखी दिसत होती: "मिगचं नाक भाल्यासारखं टोकदार आहे, त्यामुळे ते हवा चिरत जातं म्हणून वेगवान." हे ऐकायला बरं वाटतं पण चूक आहे. ते टोक हवा चिरण्यासाठी नाहीच, ते हवेचा वेग कमी करण्यासाठी आहे. आणि हे विमान मला सगळ्या लढाऊ विमानांत जास्त आवडतं त्याचं मुख्य कारण तो शंकूच आहे. राफेल देखणं आहे, सुखोई ताकदवान आहे, पण मिग-21 म्हणजे एक इंजिन, त्याभोवती नळी, दोन छोटे त्रिकोणी पंख (या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वासात मीटरपेक्षाही कमी) आणि नाकात एक शंकू, बस. त्यात फालतू काही नाही.

आता मुद्द्यावर येतो. जेट इंजिनात पुढे कॉम्प्रेसर असतो, पात्यांच्या चकत्या एकामागे एक, त्या हवा दाबत दाबत मागे ढकलतात. या पात्यांना आत येणारी हवा आवाजाच्या वेगाच्या साधारण निम्म्या वेगाची लागते. त्याहून फार वेगात आली तर पात्यांवरून प्रवाह सुटतो, कॉम्प्रेसर उचक्या द्यायला लागतो, इंजिन बंद पडू शकतं. पण विमान तर आवाजाच्या दुप्पट वेगाने चाललंय, म्हणजे माक 2. अकरा किलोमीटर उंचीवर हा वेग तासाला साधारण 2100 किलोमीटर होतो. मग माक 2 ने येणारी हवा माक 0.5 ला आणायची कशी, तेही एक-दोन मीटर लांबीच्या आत?

हवेतून दाबाचा बदल आवाजाच्या वेगानेच सरकतो. विमान त्याहून कमी वेगात असेल तर पुढच्या हवेला आधीच धक्का पोचतो आणि ती बाजूला व्हायला लागते. विमान जास्त वेगात असेल तर पुढची हवा बेसावध असते, तिला काहीच पोचलेलं नसतं, आणि मग बदल एकदम होतो, एका अतिशय पातळ थरात, ज्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. यालाच शॉक वेव्ह म्हणतात. तो थर ओलांडला की हवेचा वेग धाडकन कमी, दाब आणि तापमान धाडकन जास्त.

म्हणजे काम तर झालं? नुसती उघडी नळी पुढे ठेवली तरी तिच्या तोंडावर एक सरळ उभा शॉक बसतो आणि माक 2 ची हवा एका झटक्यात माक 0.58 वर येते. पण एवढ्या मोठ्या झटक्यात उपयोगी दाबाचा मोठा हिस्सा नुसत्या उष्णतेत वाया जातो. हिशोब केला तर माक 2 ला एका सरळ शॉकमधे 28 टक्के दाब कायमचा जातो. माक 1.6 ला हाच तोटा साधारण 10 टक्के आणि माक 1.3 ला जेमतेम 2 टक्के. आकडे नीट बघा, वेग थोडा वाढला की तोटा किती भयंकर वाढतो. कमजोर शॉकसाठी गणित असं निघतं की तोटा शॉकच्या ताकदीच्या घनाच्या प्रमाणात असतो. ताकद अर्धी केली तर तोटा एक अष्टमांश. मग एक मोठा शॉक घेण्याऐवजी दोन अर्धे घेतले तर तोटा दोन अष्टमांश, म्हणजे पाव! गच्चीवरून थेट अंगणात उडी मारली तर पाय मोडतो आणि जिन्याने उतरलं तर काही होत नाही, उंची तीच.

शंकू म्हणजे हा जिना. त्याच्या टोकावरून एक तिरका शॉक निघतो, छत्रीसारखा मागे पसरत जाणारा. तिरका असल्यामुळे तो कमजोर असतो, तो ओलांडून हवा आवाजापेक्षा वेगातच राहते पण बरीच मंदावते, शिवाय शंकूच्या पृष्ठभागालगत अजून थोडी दाबली जाते, आणि मग नळीच्या तोंडाशी जो सरळ शॉक बसतो त्याला कमी वेगाची हवा मिळते. 72 टक्के शिल्लक राहणारा दाब असा 90 टक्क्यांच्या घरात जातो.

आणि हा दाब फुकटचा आहे हे लक्षात घ्या. माक 2 ला हवा अजिबात तोटा न होता थांबवता आली तर तिचा दाब बाहेरच्या पावणेआठ पट होतो. तोटा धरला तरी इंजिनाचं पहिलं पातं हवेला शिवायच्या आधीच, एकही पातं न फिरवता सहा-सात पट दाब मिळालेला असतो. बाहेर उणे 56 अंश असताना कॉम्प्रेसरच्या तोंडाशी हवा जवळजवळ 115 अंशांची असते. मला हे कितीही वेळा वाचलं तरी थक्क व्हायला होतं.

आता खरी गंमत. त्या तिरक्या शॉकचा कोन वेगावर ठरतो, वेग वाढला की शॉकची छत्री मिटत जाते, शंकूच्या जवळ येते. सगळ्यात चांगलं काम कधी होतं, तर तो शॉक नळीच्या धारदार ओठावर बरोबर टेकला तेव्हा. छत्री ओठाच्या बाहेर पडली तर काही हवा बाजूने सांडते आणि तिचा विरोध विमानाला सोसावा लागतो, आत शिरली तर आतल्या प्रवाहाची घडी बिघडते. वेग वाढताना छत्री मिटते म्हणून तिचं टोकच पुढे न्यायला हवं, म्हणजे कड पुन्हा ओठावर येते. म्हणून मिगचा शंकू पुढेमागे सरकतो! सुरुवातीच्या मॉडेलमधे शंकूला तीनच जागा होत्या, आत, मधे आणि पुढे. नंतरच्या मॉडेलमधे तो वेगाप्रमाणे सलग आपोआप सरकायला लागला, आणि हे सगळं आजच्यासारखे डिजिटल कॉम्प्युटर नसताना, हायड्रॉलिक्स आणि साध्या विद्युत यंत्रणेवर. (ज्यांनी अमेरिकेच्या एसआर-71 बद्दल वाचलंय ते म्हणतील तिथे तर शंकू उलटा, वेग वाढला की मागे जातो. बरोबर आहे, तिथे काही शॉक मुद्दाम इंटेकच्या (हवा आत घेणाऱ्या नळीच्या) आत ओढून घेतात, ते गणित वेगळं.)

आणि पायलटने माक 1.8 ला अचानक थ्रॉटल मागे घेतला तर? इंजिन हवा कमी पितं, जास्तीची हवा नळीत तुंबते, सरळ शॉक बाहेर ढकलला जातो, मग आत, मग बाहेर, सेकंदात कितीतरी वेळा, सगळं विमान थरथरतं. यासाठी मिगच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना छोट्या झडपा आहेत, त्या उघडून जास्तीची हवा बाहेर सोडतात.

1971 च्या युद्धात आपल्या मिग-21 ची गाठ पाकिस्तानच्या एफ-104 स्टारफायटरशी पडली, तेही माक 2 चं विमान, त्याला बाजूला अर्धे शंकू होते पण ते हलत नव्हते. 12 डिसेंबरला कच्छच्या आखातावर आपल्या मिगने एक स्टारफायटर पाडलं. ते शंकूमुळे पाडलं असं मी म्हणणार नाही, त्या लढाया कमी उंचीवर होतात आणि तिथे माक 2 कोणी गाठत नाही. बातम्यांत माक 2, माक 2 असं जे गाजवतात ते तेवढ्यासाठी खटकतं. त्या वेगाला आफ्टरबर्नर (इंजिनाच्या मागच्या नळीत जादा इंधन जाळणं) लावावा लागतो आणि मिगच्या छोट्या टाक्या काही मिनिटांत रिकाम्या होतात. तो वेग फक्त उंचावरच्या बॉम्बरला गाठायला हवा होता.

शंकूची किंमतही मोजावी लागली. रडार ठेवायला जागा उरली ती फक्त शंकूच्या आत, म्हणजे अँटेना छोटी, म्हणजे लांबचं दिसत नाही. बायसन (मिग-21 ची आपल्याकडची सुधारित आवृत्ती) करताना नवीन रशियन रडार बसवलं तेही त्याच शंकूच्या पोटात कोंबावं लागलं.

मिगला चिकटलेल्या 'उडती शवपेटी' या नावाबद्दल बोलायला हवं. 2012 साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं होतं की 872 मिगपैकी (यात फक्त 21 नाही, सगळे मिग आले) 482 विमानं अपघातात गेली आणि 171 पायलट मेले. हा आकडा भयानक आहे आणि कुठल्याही विमानप्रेमाने तो झाकू नये. पण कारणं समजून घ्यायला हवीत: एकच इंजिन, उतरतानाचा वेग प्रचंड, आणि कितीतरी वर्षं आपल्याकडे मधलं जेट ट्रेनरच नव्हतं, कोवळी पोरं साध्या ट्रेनरवरून थेट यावर बसायची. हॉक ट्रेनर 2008 मधे सेवेत आलं. यात विमान 'अपशकुनी' असण्याचा काही संबंध नाही. तसंच 2019 ला फ्रान्समधे पहिलं राफेल घेताना चाकांखाली लिंबं ठेवली त्यालाही माझा स्पष्ट विरोध आहे, पायलटचा जीव ट्रेनिंग, मेंटेनन्स आणि चेकलिस्टने वाचतो, तिथेच लक्ष आणि पैसा गेला पाहिजे.

आता नाशिकला तेजस मार्क-1ए बनायला लागलंय, 17 ऑक्टोबर 2025 ला तिथलं पहिलं उडालं. त्याला ना शंकू ना हलणारा इंटेक, राफेललाही नाही. कारण लढाई माक 1.6 च्या पुढे जातच नाही हे अनुभवाने कळलं, आणि तिथे साध्या इंटेकचा तोटा 10 टक्क्यांच्या आसपास असतो, तेवढ्यासाठी हलणाऱ्या भागांचं वजन आणि दुरुस्ती कोण करत बसणार? मोकळं नाक मोठ्या रडारला मिळतं.

बऱ्याच शहरांत चौकात किंवा कॉलेजच्या आवारात जुनं मिग-21 उभं केलेलं असतं. समोर उभं राहून शंकू आणि ओठ यांच्यातली गोल फट बघा, इंजिनाची सगळी हवा तिथूनच जायची. फक्त एवढं ध्यानात ठेवा की जमिनीवर शंकू पूर्ण आत असतो, माक 2 ला तो याहून बराच पुढे आलेला असायचा.