नानकिंगमधला चार चौरस किलोमीटरचा आसरा

डिसेंबर १९३६च्या अखेरीस फैजपूरला काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन झालं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच. खानदेशात त्याच्या आठवणी अजून निघतात. नंदलाल बोसांनी सजवलेलं टिळकनगर, धनाजी नाना चौधरींची धडपड, साने गुरुजींनी गावोगाव फिरून केलेला प्रचार. अध्यक्षीय भाषणात नेहरू फॅसिस्टांच्या हल्ल्याखाली असलेल्या स्पेन आणि ॲबिसिनियाबद्दल (आजचा इथिओपिया) बोलले होते, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. फॅसिझम आणि साम्राज्यशाही ही एकाच घरातली भावंडं आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी, १३ डिसेंबर १९३७ला, जपानी फौजा चीनची तेव्हाची राजधानी नानकिंगमध्ये शिरल्या. तिथे सुमारे सहा आठवडे जे चाललं, ते आजही वाचवत नाही. त्याच शहराच्या एका कोपऱ्यात मूठभर परक्या माणसांनी दोन ते अडीच लाख लोकांना आसरा दिला. तो कसा देता आला, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

जुलै १९३७मध्ये पेकिंगजवळ मार्को पोलो पुलावर चकमक झाली आणि चीन-जपान युद्धाला तोंड फुटलं. ऑगस्टपासून शांघायसाठी तीन महिने लढाई झाली. तिथे झाकिनो नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्यांनी जुन्या चिनी वस्तीचा एक भाग युद्धातून वगळून घेतला. एक हात गमावलेला हा माणूस दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांकडे खेपा घालत राहिला आणि दोघांनीही त्याचं ऐकलं. लाखो निर्वासित तिथे सुरक्षित राहिले. नानकिंगमधल्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या डोळ्यांसमोर हेच उदाहरण होतं.

शांघाय पडल्यावर चीनचे नेते चियांग कै-शेक यांच्या सरकारने राजधानी हलवली. पैसा आणि ओळख असलेले लोक निघून गेले, गरीब मागे राहिले. वकिलातींनी आपापल्या नागरिकांना शहर सोडायला सांगितलं. वीस-पंचवीस परदेशी तरीही थांबले. शहरात नागरिकांसाठी एक सुरक्षित क्षेत्र राखायला २२ नोव्हेंबरला त्यांची आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि सीमेन्स कंपनीचे तिथले प्रमुख जॉन राबे यांना अध्यक्ष करण्यात आलं. राबे जर्मन होते आणि नाझी पक्षाचे सदस्यही होते. ही गोष्ट झाकण्यात अर्थ नाही. त्यांना निवडण्याचं कारणच ते होतं. जर्मनी आणि जपान यांच्यात वर्षभरापूर्वी कॉमिन्टर्नविरोधी (म्हणजे कम्युनिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेविरुद्धचा) करार झाला होता, त्यामुळे त्यांचा शब्द जपानी अधिकाऱ्यांना सहज झिडकारता येणार नव्हता. त्यांच्या घराच्या बागेत पसरलेला स्वस्तिकाचा मोठा झेंडा विमानांतून बॉम्ब पडू नयेत म्हणून होता. त्याच बागेत आणि घरात पुढे सहाशेहून अधिक चिनी माणसं राहिली.

समितीतल्या अमेरिकनांचं बळ आणखी जुनं होतं आणि त्याला काळी बाजू होती. अफूच्या युद्धांनंतर पाश्चात्त्य देशांनी चीनवर लादलेल्या करारांमुळे त्यांच्या नागरिकांना चिनी कायदा लागू होत नसे. त्या मालिकेतला पहिला करार १८४२चा, आणि तो झाला याच नानकिंगमध्ये. (ज्या अफूवरून हे सगळं पेटलं, तिच्यात मुंबई बंदरातून गेलेली माळव्याची अफूही भरपूर होती.) चीनच्या अपमानातून आलेला हा विशेष दर्जा त्या हिवाळ्यात चिनी बायामुलांची ढाल झाला. अमेरिकेशी उघड वैर घ्यायची जपानची तेव्हा तयारी नव्हती. गोऱ्या माणसासमोर गोळी झाडायला शिपाई कचरत असे, पण तो माणूस पाठ फिरवून दुसऱ्या फाटकाकडे गेला की तीच भिंत चढून आत येत असे. म्हणून राबे, सचिव लुईस स्माइथ, वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचे जॉर्ज फिच ही मंडळी रात्रंदिवस एका छावणीतून दुसऱ्या छावणीत धावत होती.

सुरक्षित क्षेत्र जेमतेम चार चौरस किलोमीटरचं होतं आणि त्यात पंचवीसएक छावण्या होत्या. महापौरांनी तांदूळ आणि पीठ देऊ केलं होतं, पण शहर पडायच्या आत ते सगळं वाहून आणता आलं नाही. जपानने या क्षेत्राला औपचारिक मान्यता कधीच दिली नाही.

सर्वांत मोठा घात झाला तो शरण आलेल्या सैनिकांचा. पळायला वाट न उरलेले हजारो चिनी सैनिक आत आले. शस्त्रं टाकली तर तुम्हाला युद्धकैदी म्हणून वागवलं जाईल, असं समितीने त्यांना सांगितलं. जपानी सैन्याने त्यांना बांधून नेलं आणि गोळ्या घातल्या. त्यांच्याबरोबर हाताला घट्टे आहेत एवढ्याच संशयावरून साधे कामकरीही नेले. या क्षेत्राची गोष्ट केवळ यशाची म्हणून सांगितली, तर या माणसांवर अन्याय होतो.

गिनलिंग महिला महाविद्यालयाचा कारभार तेव्हा मिनी व्होट्रिन या अमेरिकन बाईंकडे होता. पावणेतीन हजार बायामुलं राहतील अशी त्यांनी तयारी केली होती, गर्दीच्या दिवसांत तिथे दहा हजार होती. फाटकात उभं राहून त्या शिपायांना अडवत, त्यासाठी एकदा थोबाडीतही खाल्ली. २४ डिसेंबरला एका अधिकाऱ्याने शंभर वेश्या मागितल्या. इतर मुलींना हात लागणार नाही, या आशेवर व्होट्रिनबाईंनी त्याला शोध घेऊ दिला आणि एकवीस बायका नेल्या गेल्या. दुरून निवाडा करणं सोपं आहे. मला तो करवत नाही.

त्यांच्या शेजारी त्सेन शुई-फांग ही चिनी सहकारी उभी होती. तिच्यामागे कोणताही झेंडा नव्हता, कोणतीही वकिलात नव्हती. स्वयंपाकी, पहारेकरी, परिचारिका, दुभाषे, भाताच्या कढया सांभाळणारे हे सगळे चिनीच होते आणि पकडले गेले असते तर त्यांना सोडवायला कुणी आलं नसतं. परक्यांचं धाडस सांगताना हा भाग नेहमी मागे पडतो, म्हणून तो इथे मुद्दाम सांगायला हवा.

समितीने दुसरं मोठं काम कागदावर केलं. स्माइथ जपानी वकिलातीकडे जवळजवळ रोज तक्रारी नेत, अशी चारशेहून अधिक प्रकरणं नोंदली गेली. जॉन मॅगी या पाद्र्यांनी रुग्णालयातल्या जखमींचं चित्रण केलं आणि फिच यांनी ती फिल्म कोटाच्या अस्तरात शिवून बाहेर काढली. १९४६मध्ये जपानी नेत्यांवरच्या युद्धगुन्ह्यांच्या टोकियो खटल्यात मॅगी, त्या रुग्णालयातले डॉ. रॉबर्ट विल्सन आणि नानकिंग विद्यापीठाचे प्रा. बेट्स साक्षीला उभे राहिले. त्या न्यायालयाने मृतांचा आकडा दोन लाखांहून अधिक धरला, नानकिंगच्या न्यायालयाने तीन लाख.

१८ फेब्रुवारी १९३८ला समितीला आपलं नाव बदलून साधी मदत समिती व्हावं लागलं आणि २३ तारखेला राबे शहरातून निघाले. त्याच आठवड्यात आपल्या तापीच्याच काठी, खाली गुजरातेत हरिपुऱ्याला, काँग्रेसने जपानी आक्रमणाचा निषेध करून जपानी मालावर बहिष्काराची हाक दिली. खानदेशासाठी ती हाक सोपी नव्हती. जपान हा हिंदुस्थानी कापसाचा फार मोठा गिऱ्हाईक होता. १९३३मध्ये जपानी गिरण्यांनी आपला कापूस घेणं थांबवलं, तेव्हा १९३४मध्ये करार करावा लागला आणि त्यात आपण किती जपानी कापड घ्यायचं हे जपान आपल्या किती गाठी उचलतो यावर ठरलं होतं. कापसावर घर चालणाऱ्या मुलखात दूरच्या शहराशी एकजूट दाखवायची, तर तिची झळ आपल्या बाजारभावाला लागणार होती.

त्याच वर्षी काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं. त्यातले सोलापूरचे डॉ. कोटणीस आपल्याला पाठ आहेत, नागपूरचे डॉ. चोळकर त्या मानाने कमी.

राबेंनी जर्मनीत परतल्यावर हिटलरला अहवाल पाठवला, तर गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यांनाच चौकशीला नेलं. युद्धानंतर नाझी सदस्यत्वामुळे त्यांची कमाई बंद झाली. हे कळल्यावर १९४८मध्ये नानकिंगच्या लोकांनी त्यांच्यासाठी पैसे गोळा केले आणि खाण्याच्या वस्तू पाठवल्या. १९५०च्या जानेवारीत ते वारले. व्होट्रिनबाई १९४०मध्ये मनाने पार खचून अमेरिकेला परतल्या आणि पुढच्या मे महिन्यात त्यांनी आपलं जीवन संपवलं. किती जणी वाचल्या यापेक्षा किती वाचवता आल्या नाहीत, याचाच हिशेब त्यांच्या मनात राहिला होता.

युद्धकाळात नागरिकांच्या रक्षणासाठी झालेल्या १९४९च्या चौथ्या जिनिव्हा करारात कलम १४ आणि १५ आली. सुरक्षित आणि तटस्थ क्षेत्रांची तरतूद कायद्यात झाली, आणि तिच्यामागे स्पेनच्या यादवीतल्या माद्रिदचा आणि शांघायचा अनुभव होता. भारताने हे करार १९५०मध्ये स्वीकारले आणि १९६०मध्ये त्यासाठी कायदा केला. मात्र कलम १५ प्रमाणे असं क्षेत्र उभं राहायला लढणाऱ्या दोन्ही बाजूंचा लेखी करार लागतो.