एक लायसन्स, अनेक संगणक : फ्रीलान्सरसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

लातूरमध्ये लग्नपत्रिका आणि हँडबिलांची मांडणी करणारा डीटीपी ऑपरेटर दिवसा प्रेसमधल्या संगणकावर बसतो आणि उरलेले काम रात्री घरच्या लॅपटॉपवर पूर्ण करतो. जालन्याच्या मोंढ्यात चार-पाच आडत दुकानांचे हिशेब पाहणारा लेखापाल रोज वेगळ्या पेढीवर असतो, तर वाळूजच्या कारखान्यांसाठी सुट्या भागांची ड्रॉइंग काढणारा ड्राफ्ट्समन काही दिवस कंपनीत आणि काही दिवस घरी काम करतो. पैसे भरून घेतलेले सॉफ्टवेअर आपण ज्या संगणकासमोर बसू तिथे कायदेशीरपणे चालावे, एवढीच या तिघांची अपेक्षा असते. ती पूर्ण होईल की नाही हे सॉफ्टवेअरच्या किमतीवर ठरत नाही. लायसन्स कशाला बांधलेले आहे आणि ते कोणाच्या नावावर निघाले आहे, या दोन गोष्टींवर ठरते. दोन्हींचा निर्णय अर्ज भरतानाच होतो आणि नंतर तो बदलणे म्हणजे बहुतेक वेळा नव्याने खरेदी करणे असते.

लायसन्स कशाला बांधलेले असते

पहिला प्रकार माणसाच्या खात्याला बांधलेल्या लायसन्सचा आहे. फोटोशॉपसारख्या प्रणालींच्या अडोबी क्रिएटिव्ह क्लाउड या संचाचे वैयक्तिक सबस्क्रिप्शन दोन संगणकांवर सक्रिय ठेवता येते, मात्र एका वेळी एकाच संगणकावर काम करता येते. तिसऱ्या संगणकावर लॉगिन केल्यास आधीच्यांपैकी एकावरून साइन-आउट करावे लागते. ऑटोडेस्कचे सबस्क्रिप्शन घेणारी व्यक्ती ऑटोकॅडसारखी ड्रॉइंग काढण्याची प्रणाली तीन संगणकांपर्यंत बसवू शकते, पण वापर एका वेळी एकाच ठिकाणी. प्रोग्रॅमरांमध्ये प्रचलित असलेल्या जेटब्रेन्सच्या वैयक्तिक लायसन्सवर व्यावसायिक काम करता येते आणि ते स्वतःच्या वेगवेगळ्या संगणकांवर वापरता येते, परंतु त्याची रक्कम ग्राहक कंपनीकडून परत घेता येत नाही. कंपनी पैसे देणार असेल तर लायसन्सही कंपनीच्या नावाने घ्यावे लागते. ठिकाण बदलत काम करणाऱ्या माणसासाठी खात्याला बांधलेले लायसन्सच सर्वांत सोयीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रकार यंत्राला बांधलेल्या लायसन्सचा आहे. नव्या लॅपटॉपसोबत आलेले विंडोज, ज्याला ओईएम म्हणतात, त्या यंत्रापुरतेच असते आणि लॅपटॉप भंगारात गेला की तेही संपते. स्वतंत्र खोक्यात किंवा ऑनलाइन घेतलेले रिटेल विंडोज मात्र जुन्या संगणकावरून काढून नव्यावर नेता येते, अर्थात एका वेळी एकाच यंत्रावर. एकरकमी घेतलेले ऑफिसही एकाच संगणकासाठी असते. हिशेबासाठीच्या टॅलीप्राइमचे सिल्व्हर लायसन्स एका संगणकावर एका वापरकर्त्यासाठी आणि गोल्ड लायसन्स एकाच कार्यालयाच्या नेटवर्कमधील अनेकांसाठी असते. ते दुसऱ्या संगणकावर न्यायचे असेल तर आधीच्या संगणकावर सरेंडर करून, म्हणजे तिथून सोडून देऊन, मग नव्यावर सक्रिय करावे लागते.

तिसरा प्रकार मराठी डीटीपी करणाऱ्यांच्या अगदी ओळखीचा आहे, तो म्हणजे यूएसबीला लावायचा लॉक, म्हणजेच डोंगल. श्री-लिपीसारख्या मराठी प्रणालींच्या आवृत्त्या वर्षानुवर्षे या लॉकवर चालत आल्या आहेत. लॉक जिथे लावला तिथे काम सुरू होते, त्यामुळे एका परीने हे सर्वांत सुटसुटीत लायसन्स आहे. परंतु लॉक हरवला तर केवळ बिल दाखवून नवा लॉक मिळेलच असे धरून चालू नये. प्रेसच्या मालकाने घेतलेला लॉक घरी नेताना त्याची लेखी संमती घ्यावी, कारण लॉक खिशात असला तरी लायसन्स मालकाचेच असते.

पेनड्राइव्हवरून थेट चालणाऱ्या आवृत्त्यांविषयीही इथेच सांगितले पाहिजे. एखादी प्रणाली इन्स्टॉल न करता चालते याचा अर्थ ती कुठेही वापरण्याची परवानगी मिळाली असा होत नाही. लिबरऑफिस (कार्यालयीन कामासाठी), गिंप (फोटोंसाठी) किंवा इंकस्केप (रेखाचित्रांसाठी) यांच्या पेनड्राइव्ह आवृत्त्या वापरण्यास हरकत नाही, कारण मुळात त्यांचा परवानाच मुक्त आहे. मात्र विकत घ्याव्या लागणाऱ्या प्रणालीची ‘पोर्टेबल’ प्रत कोणी कॉपी करून देत असेल, तर ती बहुधा क्रॅक केलेली, म्हणजे लायसन्सची तपासणी तोडून टाकलेली असते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब प्रमाणे संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा गुन्हा असून त्यासाठी किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. उलट, कायदेशीर प्रत ज्याच्या ताब्यात आहे त्याला नुकसानीपासून बचाव म्हणून राखीव प्रत ठेवण्याची मुभा याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये दिलेली आहे.

पात्रता

वैयक्तिक लायसन्ससाठी फारशा अटी नसतात. अर्जदार सज्ञान असावा, त्याचा स्वतःचा ई-मेल आणि मोबाइल क्रमांक असावा आणि पैसे भरण्याचे साधन त्याच्याच नावावर असावे, एवढे पुरते. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) किंवा गुमास्ता (दुकानाचा परवाना) नसला म्हणून कोणी लायसन्स नाकारत नाही. गावातल्या काही दुकानांत तसे सांगितले जाते, पण त्यात तथ्य नाही.

खरी अडचण सवलतीच्या योजनांमध्ये आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ किंवा नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ यांच्याशी संलग्न महाविद्यालयांत शिकणारे अनेक विद्यार्थी शिकता शिकता कामे घेतात आणि त्यासाठी विद्यार्थी म्हणून मिळालेली प्रणाली वापरतात. ऑटोडेस्कची शैक्षणिक सुविधा एक वर्षासाठी मोफत मिळते आणि पात्रता सिद्ध केल्यास दरवर्षी वाढवून मिळते, पण तिच्यावर पैसे घेऊन केलेले काम चालत नाही. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात असताना एखाद्या बिल्डरला नकाशा काढून दिला, तर तो अटींचा भंगच ठरतो. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या पर्सनल आणि फॅमिली योजनांबाबतही बहुतेकांचा गैरसमज असतो. या योजना घरगुती, बिगर-व्यावसायिक वापरासाठी आहेत. ग्राहकांसाठी पैसे घेऊन काम करणाऱ्याने व्यवसायासाठीची योजना घ्यावी. ‘ॲप्स फॉर बिझनेस’ या योजनेत एका व्यक्तीला पाच संगणक, पाच टॅब्लेट आणि पाच फोन एवढ्यांवर ऑफिस वापरता येते, जे फिरतीवर काम करणाऱ्याला पुरून उरते.

कागदपत्रे

वैयक्तिक अर्जासाठी कागद थोडेच लागतात: ओळखीपुरते पॅन कार्ड, ई-मेल, मोबाइल क्रमांक, पत्ता आणि जीएसटी नोंदणी असल्यास तिचा क्रमांक. सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे वार्षिक २० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे बहुतेक फ्रीलान्सर नोंदणीविना असतात. अशा ग्राहकाला परदेशी कंपनीकडून घेतलेल्या ऑनलाइन प्रणालीच्या बिलात १८ टक्के कर लावूनच रक्कम सांगितली जाते. नोंदणीकृत व्यक्तीने आपला क्रमांक बिल निघण्यापूर्वी खात्यात भरावा. विक्री करणारी कंपनी परदेशातून बिल देत असेल तर कर रिव्हर्स चार्ज पद्धतीने स्वतः भरावा लागतो, आणि बिल भारतातील कंपनीचे असेल तर इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, घेता येते. बिल एकदा विनाक्रमांक निघाले की ते दुरुस्त करून घेण्यात फार वेळ जातो.

शैक्षणिक सवलतीसाठी चालू वर्षाचे ओळखपत्र, बोनाफाइड किंवा फी भरल्याची पावती लागते आणि त्यावर विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, संस्थेचे नाव आणि चालू सत्राची तारीख स्पष्ट दिसली पाहिजे. आपल्याकडील महाविद्यालयांच्या ओळखपत्रांवर कित्येकदा नाव मराठीत आणि अर्जात इंग्रजीत असते, किंवा तारीखच नसते. म्हणून कार्यालयाकडून इंग्रजी बोनाफाइड घेणे शहाणपणाचे.

नाव आणि ई-मेल या दोन बाबींवर मात्र जास्त थांबले पाहिजे, कारण पुढच्या बहुतेक तक्रारी इथूनच निघतात. आधारवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी आणि बँकेच्या कार्डावर नुसती आद्याक्षरे, असे असले की ओळख पटवताना अर्ज अडकतो. निदान पॅन आणि सॉफ्टवेअरच्या खात्यातील नाव तंतोतंत सारखे ठेवावे. ई-मेल स्वतःचा असावा. सेतू केंद्राच्या किंवा संगणक विकणाऱ्या दुकानदाराच्या ई-मेलवर खाते उघडून घेण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्यात लायसन्सचा ताबा प्रत्यक्षात त्या दुकानदाराकडे राहतो. पासवर्ड बदलणे, टॅलीचे लायसन्स सरेंडर करणे, नूतनीकरण करणे यांपैकी काहीही त्याच्याविना होत नाही. नोकरीच्या कंपनीने दिलेला ई-मेलही वापरू नये, कारण नोकरी सुटली की तो बंद होतो.

अर्ज आणि पैसे भरणे

खाते कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा अधिकृत विक्रेत्याकडेच उघडावे, कारण बाजारात चारशे-पाचशे रुपयांना मिळणाऱ्या ‘लाइफटाइम की’ या बऱ्याचदा एखाद्या संस्थेच्या सामूहिक लायसन्समधून बाहेर आलेल्या असतात आणि कधीही बंद पडतात. खाते उघडताना देश म्हणून भारत निवडावा, पूर्ण नाव लिहावे, योजना वैयक्तिक की व्यावसायिक हे नीट पाहावे आणि अटी स्वीकारण्यापूर्वी त्यांत किती संगणक, एकाच वेळी किती वापर आणि व्यावसायिक काम या तीन गोष्टी शोधून वाचाव्यात. सगळा मजकूर वाचण्याची गरज नाही, तेवढा वेळही कोणाकडे नसतो; या तीन गोष्टी मात्र वाचल्याच पाहिजेत.

सबस्क्रिप्शनचे पैसे कार्डावरून आपोआप कापले जाण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ई-मँडेट, म्हणजे कपातीची ऑनलाइन परवानगी, नोंदवावा लागतो. त्यात प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी बँकेकडून सूचना येते, आणि एका वेळची रक्कम १५ हजार रुपयांपेक्षा जास्त असेल तर दरवेळी ओटीपी देऊन मंजुरी द्यावी लागते. वार्षिक योजनेची रक्कम बऱ्याचदा ही मर्यादा ओलांडते, त्यामुळे नूतनीकरणाच्या दिवशी बँकेशी जोडलेले सिम चालू असणे आवश्यक आहे. रिचार्ज संपलेल्या जुन्या क्रमांकावर ओटीपी जात राहिल्याने ऐन लग्नसराईत सबस्क्रिप्शन बंद पडल्याच्या गोष्टी डीटीपीवाल्यांकडून ऐकायला मिळतात. बिलाची पीडीएफ प्रत आणि ऑर्डर क्रमांक लगेच दोन ठिकाणी जपून ठेवावा.

संगणक बदलताना

खात्याला बांधलेल्या लायसन्समध्ये जुन्या संगणकावर साइन-आउट आणि नव्यावर साइन-इन, इतकेच करायचे असते. जुना संगणक बंद पडला किंवा चोरीस गेला, तर बहुतेक कंपन्यांच्या खात्याच्या पानावरून तो दुरूनच काढून टाकता येतो. टॅलीमध्ये लायसन्स विभागातून सरेंडर करण्यासाठी इंटरनेट आणि प्रशासक म्हणून नोंदलेला टॅली खात्याचा ई-मेल लागतो, आणि हार्ड डिस्क अचानक गेल्यास सरेंडर करणे शक्यच नसते, तेव्हा लायसन्स रिसेट करून घ्यावे लागते. विंडोजच्या डिजिटल लायसन्सबाबत मदरबोर्ड बदलण्याआधीच ते मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवावे, म्हणजे नंतर ॲक्टिव्हेशन ट्रबलशूटरमध्ये हार्डवेअर बदलल्याचा पर्याय निवडून ते पुन्हा सक्रिय करता येते. दुरुस्तीला दिलेल्या यंत्राचे ‘विंडोज उडाले’ म्हणून दुकानात क्रॅक केलेली प्रत टाकून घेण्यापूर्वी हा मार्ग करून पाहावा.

इंटरनेटचाही विचार लागतो. मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि ऑटोडेस्क यांना साधारण महिन्यातून एकदा ऑनलाइन येऊन लायसन्सची खात्री करून घ्यावी लागते. उस्मानाबादचे आताचे धाराशिव असो की हिंगोलीतले एखादे गाव, जिथे नेटवर्क अधूनमधूनच येते तिथे मुदत संपण्याआधी लॅपटॉप एकदा मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून घ्यावा.

ग्राहकाच्या संगणकावर काम करताना

आडत दुकानातील टॅली दुकानदाराचे असते आणि लेखापाल त्यावर काम करतो, यात काही गैर नाही. आपले लायसन्स त्याच्या संगणकावर सक्रिय करून तिथेच सोडून येणे मात्र अटींत बसत नाही, कारण त्यानंतर ते आपण नव्हे तर दुकानातील मुनीम वापरतो. ग्राहकाच्या संगणकावर आपल्या खात्याने लॉगिन करावे लागलेच, तर ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवू नये, उठण्यापूर्वी साइन-आउट करावे आणि खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावून तिचे राखीव कोड छापून घरी ठेवावेत. ओटीपीच्या एसएमएसवर अवलंबून राहण्यापेक्षा ऑथेंटिकेटर ॲप सुरक्षित असते, आणि नेटवर्क नसतानाही ते चालते.

ज्याला ही सगळी खटपट टाळायची आहे त्याच्यासाठी मुक्त परवान्याच्या प्रणाली आहेत. लिबरऑफिस, इंकस्केप, पानांच्या मांडणीसाठीचे स्क्रायबस, त्रिमितीय चित्रांसाठीचे ब्लेंडर यांना संगणकांची मर्यादा नाही, खाते नाही, आणि व्यावसायिक कामास पूर्ण मुभा आहे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ हा देवनागरी फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळतो आणि तो प्रेसच्या, घरच्या व ग्राहकाच्या संगणकावर निःशंकपणे बसवता येतो. तो युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या एकाच अक्षरपद्धतीचा, असल्याने त्यात लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडताना मोडत नाही. जुन्या लॉकवाल्या फॉन्टमधील फाइली मात्र तशाच उघडत नाहीत. त्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्या लागतात आणि जोडाक्षरे, रफार, चंद्रबिंदू प्रत्येक पानावर डोळ्यांनी तपासावे लागतात.