निवृत्त पोलीस आयुक्तांसाठी पद्म पुरस्काराची शिफारस : पात्रता आणि अर्ज

नागपूरच्या सायंटिफिक सभागृहात शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायला कोणाची मंजुरी लागत नाही. पण शहराच्या एखाद्या निवृत्त पोलीस आयुक्तांच्या कामाची दखल देशाने घ्यावी असे वाटत असेल, तर पद्म पुरस्कारासाठी शिफारस करावी लागते. राष्ट्रपतींच्या पोलीस सेवा पदकांचे प्रस्ताव खात्यामार्फत जातात, तिथे नागरिकांचा अर्ज चालत नाही. पद्मचे तसे नाही. डॉक्टर आणि वैज्ञानिक वगळता सरकारी नोकर सेवेत असताना पात्र नसतो. निवृत्तीनंतर ती अट उरत नाही. मरणोत्तर पुरस्कार मात्र अपवादानेच मिळतो, त्यामुळे उशीर करू नये.

शिफारस कोणीही नागरिक करू शकतो, स्वतःची सुद्धा. टपालाने पाठवलेला अर्ज घेत नाहीत. केंद्राच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर नोंदणी करून तो ऑनलाइनच भरायचा. २०२६ च्या पुरस्कारांसाठी सुरुवातीला जाहीर झालेली मुदत १५ मार्च ते ३१ जुलै २०२५ होती. तारखा दरवर्षी तपासा, कारण त्या बदलतात. क्षेत्र 'नागरी सेवा' निवडा.

अर्ज फसतो तो कार्याच्या वर्णनात. त्याला ८०० शब्दांची मर्यादा आहे, आणि बहुतेक जण त्यात बदल्यांची यादी उतरवतात: अमुक साली गडचिरोली, मग मुंबई, मग नागपूर. निकष स्पष्ट सांगतात की हा सन्मान विशेष सेवेसाठी आहे, केवळ दीर्घ सेवेसाठी नाही. 'पस्तीस वर्षे निष्कलंक सेवा' हे वाक्य कितीही खरे असले तरी एकटे पुरत नाही. त्यापेक्षा दोन-तीन कामे निवडा. आधी काय स्थिती होती, साहेबांनी नेमके काय बदलले, लोकांना काय फायदा झाला आणि त्यांच्या बदलीनंतरही ते टिकले का, हे लिहा. निवृत्तीनंतरचे समाजकार्य असेल तर त्यालाही जागा द्या. सेवापुस्तकातील नोंदी, पदकांची प्रमाणपत्रे आणि निवृत्तीचा आदेश समोर ठेवूनच तारखा भरा. आठवणीतून भरलेली साले हमखास चुकतात. 'ड्राफ्ट' जतन करून थांबू नका, अर्ज सादर झाल्याची खात्री करा.

नावे प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास जाहीर होतात. यादीत नाव आलेच, तर सत्काराच्या पत्रिकेवर नावाआधी 'पद्मश्री' छापू नका. हा किताब नाही. नावाच्या मागे-पुढे तो लावायला मनाई आहे.