भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठची पावसाळी भटकंती : येण्याआधी एवढं वाचा

नाव नोंदवल्याबद्दल आभार. जुलै-ऑगस्टमध्ये या वाटेवर पाऊस असणारच, वारा असणारच, आणि रतनगड बहुधा ढगातच असेल. त्यासाठीच तर आपण जातो. पण भिजणं वेगळं आणि जिवावर बेतणं वेगळं. आम्ही कुठे थांबतो आणि का थांबतो, हे तुम्हाला घरून निघतानाच माहीत असावं म्हणून हे पत्रक.

प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं. त्यामागच्या पाण्याला आर्थर लेक म्हणतात. धरणाजवळच्या शेंडी गावाहून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी असा पूर्ण वळसा घालून परत यायचं तर चाळीसेक किलोमीटर होतात. एका दिवसात, तेही पावसात, एवढं चालणं होत नाही. म्हणून आपण बसने रतनवाडीला जातो, अमृतेश्वराचं दर्शन घेतो आणि तिथून साम्रदमार्गे घाटघरपर्यंत चालतो. उरलेला वळसा बसने. सांदण दरीत पावसाळ्यात आम्ही कोणालाही उतरवत नाही. ती अरुंद घळ म्हणजे पाण्याचीच वाट आहे.

अंदाज कोणता बघायचा

भंडारदरा अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणून पुष्कळजण त्या जिल्ह्याचा अंदाज बघतात आणि निर्धास्त होतात. जिल्ह्याचा पूर्व भाग पावसासाठी तरसत असतो, तेव्हा पश्चिम टोकाचं घाटघर धो-धो भिजत असतं. कोकणातून येणारं वारं इथल्या कड्यांवर चढतं आणि ढग इथेच रिकामे होतात. त्यामुळे आम्ही हवामान विभागाचा नाशिकच्या घाटमाथ्याचा आणि शेजारच्या ठाणे जिल्ह्याचा इशारा बघतो. यांपैकी कुठेही लाल इशारा असला तर सहल रद्द आणि पूर्ण पैसे परत. नारंगी असला तर आदल्या संध्याकाळी रतनवाडीतल्या ओळखीच्या घरी फोन करून ओढ्यांची स्थिती विचारतो आणि मगच ठरवतो.

ओढा ठरवतो

या वाटेवर खरा निर्णय ओढ्याचा असतो. डोक्यावर पाऊस थांबलेला असतो, पण वर डोंगरात कोसळलेलं पाणी थोड्या वेळाने खाली येतं. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर आमचा लीडर काठावर, पाण्याला टेकेल असा एक दगड ठेवतो आणि दहा मिनिटं सगळ्यांना थांबवतो. दगड बुडाला तर पाणी चढतंय. पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला किंवा तळाशी दगड घरंगळल्याचा आवाज आला, तर दहा मिनिटंही थांबत नाही, लगेच मागे फिरतो.

“पाणी घोट्यापर्यंतच तर आहे” असं बऱ्याचदा ऐकू येतं. जोराचा प्रवाह असेल तर वीतभर पाणीसुद्धा धडधाकट माणसाला पाडू शकतं, आणि फूटभर पाणी छोटी गाडी ढकलत नेऊ शकतं. दोर बांधून पलीकडे जाऊ, हा आग्रहही कृपया धरू नका. घसरलेला माणूस दोराला अडकून पाण्याखालीच राहण्याची भीती असते. मागे फिरायचं ठरलं की ठरलं, त्यावर मतदान होत नाही. अशा वेळी पैसे परत मिळत नाहीत, कारण बसचे आणि गावातल्या जेवणाचे पैसे दिलेले असतात. ज्या घरी आपल्यासाठी चूल पेटली आहे, त्यांचे पैसे आपण पोहोचलो नाही तरी द्यायचे, हा आमचा नेम आहे.

गारठा

सह्याद्रीत कसली थंडी, असं वाटतं. पण चिंब कपडे, वारा आणि रिकामं पोट एकत्र आलं की जुलैतही माणूस गारठतो. जीन्स आणि सुती टी-शर्ट घालू नका, ते अंगावर ओलेच राहतात. छत्री घाटघरला वाऱ्यात टिकत नाही. पँट-जॅकेट असा दोन भागांचा रेनकोट आणि तळव्याची नक्षी न झिजलेले बूट आणा. सुके कपडे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बसमध्येच ठेवा. सोबतचा कोणी हुडहुडी भरून मागे पडू लागला, बोलताना अडखळू लागला किंवा अचानक गप्प झाला, तर लाजू नका, लीडरला हाक मारा.

एक लीडर पुढे, एक सगळ्यात मागे. पुढच्याला ओलांडू नका, मागच्याच्या मागे राहू नका. धुक्यात दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. घाटघरच्या कोकणकड्यावर कठड्याच्या अलीकडेच उभं राहायचं, फोटोसाठीही पलीकडे नाही.

वाटेत भाताची आवणी चालू असते. बांधावरून चालू नका. बांध खचला तर खाचरातलं पाणी निघून जातं आणि त्या घरची मेहनत वाया जाते.

दमा, मधुमेह, रक्तदाब, गुडघ्याचं जुनं दुखणं असं काही असेल तर पैसे भरण्याआधी फोनवर सांगा. बहुतेकदा त्यातून मार्ग निघतो. रोजचं औषध खिशात ठेवा, बसमधल्या बॅगेत नको.